विश्लेषण : ऑफिसच्या ‘लॉगिन’ची भाषा कोणाच्या मालकीची? १० हजार युरोंच्या कराराने काय बदलले?

सकाळी ऑफिसात संगणक सुरू करून नाव आणि पासवर्ड टाकला, की मागे कुठेतरी एक सर्व्हर काही गोष्टी ठरवतो. ही व्यक्ती कोण, तिने कोणत्या फाइल उघडायच्या, कोणता प्रिंटर वापरायचा, हे सारे त्याच्याकडे नोंदलेले असते. या यंत्रणेला डिरेक्टरी सेवा म्हणतात. असंख्य ऑफिसांत ही सेवा म्हणजे मायक्रोसॉफ्टची ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’. तिच्या जागी बसू शकेल असे मुक्त सॉफ्टवेअर ‘सांबा’ने डिसेंबर २०१२मध्ये दिले. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली होती फेब्रुवारी २०००मध्ये. मधली जवळपास १३ वर्षे केवळ प्रोग्रॅम लिहिण्यात गेली नाहीत. माहिती कोणाकडे आहे, ती कोणत्या अटींवर मिळते आणि त्या अटी मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात बसतात का, या प्रश्नांनीही त्यातला मोठा काळ खाल्ला.

डिरेक्टरी सेवा इतकी महत्त्वाची का?

ऑफिसचे हजेरीपुस्तक, किल्ल्यांचा फळा आणि दारावरचा सुरक्षारक्षक या तिघांचे काम ही सेवा एकटी करते. कर्मचाऱ्याची बदली झाली किंवा त्याने नोकरी सोडली, तर एकाच ठिकाणी नोंद बदलायची आणि सगळीकडचे अधिकार आपोआप बदलतात. ही सोय मोठी आहे. पण म्हणूनच एकदा बसवलेली डिरेक्टरी बदलणे अवघड असते. ईमेल, फाइल सर्व्हर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, सारे तिच्याशी जोडलेले असते. 

यात खर्चाचाही प्रश्न आहे. विंडोज सर्व्हरच्या किमतीखेरीज त्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा यंत्रासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. शाळा, छोटे रुग्णालय किंवा नगरपालिकेला पर्याय हवा असेल, तर तो पर्याय विंडोज संगणकांशी त्यांच्याच भाषेत बोलला पाहिजे. या भाषेला तंत्रज्ञ प्रोटोकॉल म्हणतात.

सांबाने ही भाषा आधी कशी शिकली?

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास फाइल सर्व्हरचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन यंत्रे एकमेकांशी काय बोलतात, हे नेटवर्कवर ऐकायचे. त्यातून नियम ओळखायचे आणि तसेच उत्तर देणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायचा, अशी त्यांची पद्धत होती. परक्या गावात चहाच्या टपरीवर बसून गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकत भाषा शिकावी, तसा हा प्रकार. कोणाचाही कोड पाहिला नाही, कॉपीही केला नाही. त्यामुळे स्वामित्वहक्काचा भंगही झाला नाही. याच प्रोग्रॅमचे पुढे ‘सांबा’ झाले. तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली वाटला जातो. जो कोणी जीपीएलचे सॉफ्टवेअर पुढे देईल, त्याने त्याचा सोर्स कोडही दिला पाहिजे आणि घेणाऱ्यावर नवी बंधने लादता कामा नयेत, ही त्या परवान्याची मुख्य अट.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीने अडचण का वाढवली?

वरवर पाहता ती सोपी व्हायला हवी होती, कारण तिचे मुख्य घटक खुल्या मानकांवर उभे आहेत. नोंदी शोधण्यासाठीचा एलडॅप प्रोटोकॉल मिशिगन विद्यापीठात घडला. ओळख पटवणारा कर्बेरॉस एमआयटीमधून आला. नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस तर साऱ्या इंटरनेटचाच आधार आहे. पण हे घटक एकमेकांत ज्या प्रकारे गुंफले होते, ती वीण खुली नव्हती.

कर्बेरॉसच्या ‘तिकिटा’त एक रकाना वापरणाऱ्याने आपल्या सोयीने भरावा, अशी मुभा मूळ मानकात होती. मायक्रोसॉफ्टने त्यात वापरकर्त्याच्या गटांची आणि अधिकारांची माहिती आपल्या रचनेत भरली. ही रचना कळल्याशिवाय दुसऱ्याचा सर्व्हर विंडोजला पूर्णपणे चालणार नव्हता. २०००च्या वसंतात कंपनीने तिचा दस्तऐवज इंटरनेटवर ठेवला खरा, पण तो उघडण्याआधी एका करारावर ‘मान्य’ म्हणावे लागे. त्यानुसार तो मजकूर व्यापारी गुपित ठरत होता. काहींनी तो एका संकेतस्थळावर चिकटवला, तेव्हा कंपनीने अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्याचा आधार घेऊन तो काढायला सांगितले.

म्हणजे दस्तऐवज समोर होता, पण तो वाचणारा प्रोग्रॅमरच अडचणीत येत होता. वाचून मुक्त सॉफ्टवेअर लिहावे, तर सोर्स कोड जगासमोर ठेवावा लागतो आणि त्यातून गुपित फुटते. माहिती मिळणे आणि ती वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसले.

नुसते ऐकून शिकता आले नसते का?

काही प्रमाणात आले. सप्टेंबर २००३मध्ये आलेला सांबा ३.० ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा सदस्य होऊ शकत होता. पण स्वतः मुख्य सर्व्हर होणे वेगळे. एका संस्थेत असे अनेक सर्व्हर असतात. कोणत्याही एकावर केलेला बदल बाकीच्यांपर्यंत पोहोचतो आणि दोन ठिकाणी परस्परविरोधी बदल झाले, तर कोणता ग्राह्य धरायचा याचेही नियम असतात. नेटवर्कवरचे बरेचसे बोलणे सांकेतिक स्वरूपात चालते. क्वचित घडणारे प्रसंग तर ऐकणाऱ्याच्या कानावर पडतीलच असे नाही. फाइल सर्व्हरचा अंदाज चुकला, तर एखादी फाइल उघडत नाही. डिरेक्टरीत अंदाज चुकला, तर साऱ्या ऑफिसच्या नोंदी बिघडू शकतात.

प्रकरण युरोपीय आयोगाकडे कसे गेले?

सन मायक्रोसिस्टीम्सने डिसेंबर १९९८मध्ये तक्रार केली होती, की मायक्रोसॉफ्ट सर्व्हर जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती देत नाही. २४ मार्च २००४ रोजी आयोगाने मायक्रोसॉफ्टला दोषी ठरवले. या आणि विंडोज मीडिया प्लेअरच्या मुद्द्यावर मिळून ४९.७२ कोटी युरोंचा दंड झाला. प्रतिस्पर्ध्यांना प्रोटोकॉलची पूर्ण आणि अचूक माहिती वाजवी अटींवर द्या, असा आदेशही निघाला. पुढे मायक्रोसॉफ्टने न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने आयोगाच्या बाजूने हस्तक्षेप केला. सांबाच्या प्रोग्रॅमरांनी ही माहिती का हवी, हे न्यायालयाला समजावून सांगितले.

आदेश निघाला, पण दस्तऐवज कसे होते? आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने तपासले, तेव्हा त्यांच्या आधारावर कोणताही प्रोग्रॅमर प्रत्यक्ष काम करू शकणार नाही, असे त्याचे मत पडले. जुलै २००६मध्ये आयोगाने आणखी २८.०५ कोटी युरोंचा दंड लावला. कागदांचा ढीग देणे म्हणजे माहिती देणे नव्हे, हा त्याचा अर्थ.

सोर्स कोड देऊ केला, तरी तो पुरेसा का नव्हता?

जानेवारी २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हरच्या संबंधित भागाचा सोर्स कोड परवान्याने देण्याची तयारी दाखवली. ऐकायला हे उदार वाटते. पण एखाद्या खानावळीची चव जुळवायची असेल, तर पदार्थांचे प्रमाण हवे असते, त्यांच्या स्वयंपाकघराचा नकाशा नव्हे. कोडमध्ये कोणती ओळ प्रोटोकॉलचा नियम आहे आणि कोणती कंपनीची अंतर्गत सोय, हे वेगळे सांगितलेले नसते. दुसरा धोका कायद्याचा. मूळ कोड पाहिलेल्या प्रोग्रॅमरने पुढे तसेच काम करणारा कोड लिहिला, तर त्यावर नकलेचा आरोप होऊ शकतो. त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरचे गट असा कोड पाहणे कटाक्षाने टाळतात. दस्तऐवज वाचून लिहिणारा या आरोपापासून बराच दूर राहतो.

परवान्याची गाडी कुठे अडली होती?

दोन ठिकाणी. पहिले, स्वामित्वधन. मायक्रोसॉफ्टने सुरुवातीला परवानाधारकाच्या उत्पादनातून येणाऱ्या महसुलाच्या ३.८७ टक्के पेटंटसाठी आणि २.९८ टक्के गोपनीय माहितीसाठी मागितले होते. नेहमीची कंपनी विक्रीच्या हिशेबावर टक्केवारी देऊ शकते. पण जीपीएलचे सॉफ्टवेअर कोणीही कितीही जणांना देऊ शकतो. हिशेब ठेवायचा कोणी आणि पैसे भरायचे कोणी? उलट अशी अट मान्य केली, तर जीपीएलनुसार ते सॉफ्टवेअर वाटताच येत नाही. दुसरे, गोपनीयता. माहिती गुप्त ठेवा, ही अट सोर्स कोडलाही लागू झाली, तर प्रकाशनच थांबते.

१७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने मूळ निर्णयाचा मुख्य भाग कायम ठेवला. २२ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने नव्या अटी मान्य केल्या. माहितीसाठी एकदाच १० हजार युरो आणि पेटंट परवाना हवाच असेल, तर ०.४ टक्के.

१० हजार युरोंच्या करारात काय होते?

सांबाच्या गटासाठी ‘प्रोटोकॉल फ्रीडम इन्फर्मेशन फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था उभी करण्यात आली. तिने डिसेंबर २००७मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार करून ही रक्कम भरली. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. दस्तऐवज गोपनीय राहतील, पण ते वाचून लिहिलेला सोर्स कोड प्रसिद्ध करता येईल. प्रत्येक प्रतीमागे पैसे द्यावे लागणार नाहीत. आणि कोणती पेटंट आड येऊ शकतात, याची यादी मायक्रोसॉफ्ट क्रमांकांसह देईल आणि ती अद्ययावत ठेवेल. ही तिसरी अट कळीची, कारण न दिसणाऱ्या पेटंटची भीती सर्वांत मोठी असते. क्रमांक माहीत असले, की त्या वाटेने न जाता दुसरा उपाय शोधता येतो.

दोनच महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २००८ रोजी, मायक्रोसॉफ्टने ३० हजारांहून अधिक पानांचे प्रोटोकॉल दस्तऐवज सर्वांसाठी मोफत खुले केले. ११ डिसेंबर २०१२ रोजी सांबा ४.० आला. त्या वेळी सांबाच्या गटाने या दस्तऐवजांसाठी आणि चाचण्यांतल्या मदतीसाठी मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांचे जाहीर आभार मानले.

दस्तऐवज खुले झाल्यावर परवान्याचे प्रश्न संपले का?

नाही. डिरेक्टरीत कोणत्या प्रकारच्या नोंदी असू शकतात आणि प्रत्येकीत कोणते रकाने, याची लांबलचक यादी असते. तिला स्कीमा म्हणतात. प्रोटोकॉल समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिता येतो. स्कीमाचे तसे नाही. रकान्यांची नावे आणि क्रमांक हुबेहूब तेच असावे लागतात, नाहीतर जुळणीच होत नाही. म्हणजे इथे मजकूर उतरवूनच घ्यावा लागतो आणि स्वामित्वहक्काचा प्रश्न उभा राहतो. सांबामध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्कीमा फाइल वेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांच्या शेजारी परवानगीचा मजकूरही. कार्यक्रमाचा परवाना एक आणि सोबतच्या डेटाचा वेगळा, असे घडू शकते. ओपनएलडॅपसारख्या प्रकल्पाचा परवाना सैल आहे, सांबाचा कडक. त्यामुळे कोणाचा कोड कुठे मिसळायचा, हेही आधी तपासावे लागते.

भारतात कायदा काय सांगतो?

१९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९९च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये भर पडली. ज्याच्याकडे प्रोग्रॅमची वैध प्रत आहे, त्याने स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमशी जुळणी साधण्यासाठी आवश्यक माहिती काढली, तर तो हक्कभंग ठरत नाही. अट एकच, ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. प्रोग्रॅम कसा चालतो हे निरीक्षणाने अभ्यासण्याचीही मुभा आहे. म्हणजे पुण्यात किंवा पणजीत बसून असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही आधी प्रसिद्ध दस्तऐवज शोधावे लागतील आणि त्यांच्या अटी वाचाव्या लागतील. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०१०च्या ई-प्रशासनविषयक खुल्या मानकांच्या धोरणानेही मानके स्वामित्वधनमुक्त असावीत, अशी भूमिका घेतली आहे.

सरकारी कार्यालय किंवा संस्था डिरेक्टरी सेवा विकत घेते, तेव्हा निविदेत किंमत आणि वैशिष्ट्ये पाहिली जातात. त्यात आणखी तीन प्रश्न असायला हवेत. प्रोटोकॉलचे दस्तऐवज पूर्ण आहेत का? ते वाचून कोणीही सॉफ्टवेअर लिहून वाटू शकतो का? आणि आड येणाऱ्या पेटंटची यादी दिली आहे का? सांबाला ही उत्तरे मिळवायला युरोपातला खटला लागला. खरेदीदाराला ती करारावर सही करण्याआधी नुसती विचारूनही मिळू शकतात.