ज्वारी-तुरीच्या मुळांभोवती

सातपुड्यातल्या तोरणमाळला जाणाऱ्यांची नजर सातपायरीच्या घाटावर आणि वर पोचल्यावर यशवंत तलावावर खिळते. वाटेतल्या उतारांवरच्या शेतांकडे फारसं कुणी बघत नाही. अक्राणी तालुक्यातल्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांच्या या पावसाळी शेतांत ज्वारी, मका, तूर, उडीद, चवळी अशी पिकं एकाच तुकड्यात उभी असतात. एक पीक बुडालं तर दुसरं हाती लागावं, हा त्यातला उघड हिशेब. पण या मिश्र पिकाचा मोठा व्यवहार जमिनीखाली चालतो. तो समजून न घेता या शेतीला मागास म्हणणं अन्यायाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

पानांनी तयार केलेल्या अन्नाचा बराच वाटा मुळं मातीत सोडून देतात. साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं आणि बुळबुळीत चीक, असा हा पाझर असतो. त्यामुळे मुळाला लागून असलेल्या काही मिलिमीटर मातीत जिवाणूंची दाटी उरलेल्या मातीपेक्षा कितीतरी पट होते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेंझ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या पट्ट्याला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिलं. प्रत्येक पिकाचा पाझर निराळा, म्हणून त्याच्याभोवती जमणारे जीवही निराळे.

उडीद-चवळीची मुळं फ्लॅव्होनॉइड द्रव्यं सोडतात. ती ओळखून रायझोबियम जिवाणू मुळात शिरतात, गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी हे जिवाणू १८८८ मध्ये वेगळे केले. फुलोऱ्याच्या सुमारास रोप उपटून गाठ कापावी. आतून गुलाबी निघाली तर काम चालू आहे. पेरणीआधी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणू संवर्धक चोळतात, तेही याच नात्याला हातभार लावण्यासाठी.

तुरीचं काम वेगळं. लाल मातीत स्फुरद लोहाला जखडलेला असतो. तुरीच्या मुळांतून पाझरणारं पिसिडिक आम्ल लोहाला धरतं आणि स्फुरद मोकळा होतो, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी १९९० मध्ये मांडलं. सातपुड्याची माती बेसॉल्टची, लोह तिच्यातही भरपूर. तुरीचा हा गुण इथल्या शेतांत मुद्दाम तपासायला हवा.

सगळ्यांत गुंतागुंतीची ज्वारी. तिची मुळं अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालणारी द्रव्यं सोडतात. नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जातं, त्यामुळे उतारावरच्या शेताला हा आवर मोलाचा. स्फुरद कमी पडला की हीच मुळं स्ट्रिगोलॅक्टोन सोडून बुरशीला बोलावतात. बुरशीचे तंतू मुळांत शिरतात, दूरवरचा स्फुरद आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. जाता जाता मातीचे कण बांधून ठेवतात, तोही डोंगरउतारावर लहान लाभ नव्हे. मात्र ही हाक टारफुला या परजीवी तणालाही ऐकू जाते. वर्षानुवर्षं मातीत पडून राहिलेलं त्याचं बारीक बी त्या खुणेवर उगवतं आणि ज्वारीच्या मुळालाच चिकटतं. १९६६ मध्ये या गटातलं स्ट्रिगॉल सापडलं ते टारफुल्याच्या अभ्यासात. अशी द्रव्यं मुळात बुरशीसाठीची खूण आहेत हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. टारफुल्याचा दोष ज्वारीच्या माथी मारणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. भुकेल्या मातीत ही हाक मोठी होते, म्हणून टारफुल्यावरचा इलाज मातीच्या पोषणापासून सुरू व्हायला हवा.

मक्याची गोष्ट वाणांपाशी येते. मुळं कुरतडणारी अळी लागली की काही मक्यांची मुळं कॅरिओफायलिन नावाचं द्रव्य सोडतात. त्याच्या मागावर आलेले सूत्रकृमी अळीला मारतात. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांनी हा गुण गमावल्याचं २००५ मध्ये दिसून आलं. उत्पन्नाकडे बघून निवड होत गेली आणि मुळांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

याच तालुक्यातल्या धडगाव परिसरात ‘बाएफ’ संस्थेने गावकऱ्यांबरोबर देशी मका-ज्वारीचे वाण जपण्याचं काम केलं आहे, बियाणे बँकाही उभ्या केल्या आहेत. तिथल्या प्रत्येक वाणाच्या नोंदीत कणसाच्या लांबीशेजारी मुळांनाही रकाना हवा: बुरशी किती धरते, टारफुला किती लागतो, तुरीसोबत पेरल्यावर काय फरक पडतो. आणि ही पाहणी संशोधन केंद्राच्या सपाट वाफ्यात उरकून चालणार नाही. ती याच उतारांवर, इथल्याच मातीत आणि इथल्याच मिश्र पेऱ्यात व्हायला हवी.