चाके आणि वाटा – लेखांक आठवा : पाणंदीची रुंदी

या आठवड्यात टायरांविषयी लिहीन असे आश्वासन दिले होते. परंतु राजापूर तालुक्यातील एका आंबा-बागाईतदारांच्या पत्रामुळे ते लांबणीवर टाकणे भाग पडले आहे. व्हीलबेस आणि गाडीचे पोट टेकणे यांविषयी गेल्या खेपेस जे विवेचन केले ते त्यांना मान्य आहे. त्यांचा प्रश्न एवढाच, की घरापासून बागेपर्यंतची पाणंद दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांनी आवळलेली असताना आणि घरात माणसे पाच असताना फोर-बाय-फोर गाडी लहान घ्यावी की मोठी? इंजिनाची ताकद, जमिनीपासूनची उंची, पाण्यात उतरण्याची क्षमता यांची चर्चा जो तो करतो, आणि रुंदी मात्र पत्रकाच्या तळाशी उपेक्षित पडून राहते, हे मला पुष्कळ दिवस खटकत आले आहे. तेव्हा आजचा सबंध लेखांक तिच्याच कारणी लावतो.

लांबीवर आपल्याकडे सरकारी खजिन्याचा पहारा आहे. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आतील, लहान इंजिनाच्या मोटारींना अबकारी करात सवलत दिली, आणि तेव्हापासून कारखानदारांचे डोळे त्या चार मीटरांच्या रेघेवर खिळलेले आहेत. तीन दारांची थार 3985 मिलिमीटर भरते, आणि पाच दारांची जिम्नीही नेमकी तेवढीच. मात्र जिम्नीचे पेट्रोल इंजिन 1462 सी.सी.चे, म्हणजे 1200 च्या मर्यादेबाहेरचे, असल्याने लांबी आत असूनही तिच्या पदरात ती सवलत पडली नाही. रुंदीला असा कोणी पहारेकरी नसल्यामुळे ती निर्वेधपणे वाढत गेली. महायुद्धातील विलीज जीप 1575 मिलिमीटर रुंद होती आणि आपली जिप्सी 1540. आजची थार 1820, फॉर्च्युनर 1855, थार रॉक्स 1870, आणि लँड क्रूझर 300 तर 1980 आहे. जिम्नीच तेवढी 1645 वर थांबली, आणि त्याचेही श्रेय जपानच्या कायद्याला द्यावे लागते. कारण तेथील लहान मोटारींच्या वर्गाला 1480 मिलिमीटरांची मर्यादा असल्याने तिचा मूळ सांगाडा त्या मापात बेतलेला असून, बाहेर धाडल्या जाणाऱ्या गाडीला चाकांवरच्या रुंद पाख्यांनी ही जादा रुंदी आलेली आहे.

गाड्या अशा फुगत असताना वाटा मात्र जुन्या मोजणीच्या मापातच राहिल्या. आपल्याकडच्या मोजणीची साखळी 33 फुटांची. तिचे सोळा आणे, आणि तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषांनी दाखविलेला ग्रामीण रस्ता पूर्ण साखळीचा, गाडीमार्ग 16.5 ते 21 फुटांचा, आणि पायमार्ग 8.25 फुटांचा, म्हणजे चार आणे साखळीचा धरतात. हे चार आणे सुमारे अडीच मीटर होतात, आणि कागदावर त्यांतून लँड क्रूझरसुद्धा निघून जाईल. प्रत्यक्षात बांध सरकलेले असतात, करवंदीच्या जाळ्या आत आलेल्या असतात, आणि एखाद्या ठिकाणी कोणी चिऱ्यांचा ढीग रचून ठेवलेला असतो. अशा पाणंदीत दोन मीटर मोकळी जागा उरली असे धरले, तर जिम्नीला दोहो बाजूंस प्रत्येकी जेमतेम अठरा सेंटिमीटर मिळतात आणि फॉर्च्युनरला सात. पत्रकात छापलेली रुंदी सामान्यतः आरसे वगळून दिलेली असते, म्हणून त्या सातांत आरसे मिटल्यावाचून निभाव नाही.

वळणाविषयीही एक गैरसमज प्रचलित आहे. लहान गाडी सहज वळते म्हणावे, तर जिम्नीची वळणत्रिज्या 5.7 मीटर आणि फॉर्च्युनरची 5.8! फरक नगण्य. परंतु हा आकडा बहुधा चाकांचा असतो, आणि गडग्याला चाके शिवण्यापूर्वी बंपरचा कोपरा शिवतो. तेव्हा काटकोनी वळणावर पुढचा भाग चाकांपुढे किती आला आहे आणि गाडी किती रुंद आहे, यांवरच सारी मदार.

ज्यांचा प्रवास मुख्यत्वे महामार्गाने किंवा सामानसुमानासह लडाखकडे व्हायचा, त्यांना मात्र हीच रुंदी उपकारक ठरते; मागे तीन माणसे अवघडल्यावाचून बसतात, आणि चाकांतील आडवे अंतर अधिक असल्याने वळणावर गाडी पक्की राहते.

आता पत्रलेखकांचे उत्तर. जिम्नी आणि तीन दारांची थार या दोन्ही चौघांच्या गाड्या आहेत. पाच माणसे रीतसर बसवायची तर रॉक्ससारख्या गाडीकडे वळावे लागेल. आपण प्रथम पाणंदीतील सर्वांत अरुंद जागा टेपने मोजावी. ती 2.3 मीटरांहून अधिक भरली तर रॉक्स निःशंकपणे घ्यावी. अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला जाताना कुटुंब आपल्याला दुवा देईल. त्याहून कमी भरल्यास, बागेत रोज पाच माणसे जातात की दोन माणसे आणि आंब्याच्या पेट्या, याचा प्रामाणिक विचार करून जिम्नी घ्यावी, आणि वर्षातून चार वेळा होणाऱ्या सहकुटुंब प्रवासाला भाड्याची गाडी करावी. वहिवाटीची वाट कोणी अडविली असेल, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि ती जरूर मागावी; परंतु गाडी मात्र आज आहे त्या रुंदीवर ठरवावी, निकालानंतरच्या नव्हे.

मोजताना टेप कमरेच्या उंचीवर धरू नये. गडगा तळाशी रुंद आणि माथ्याशी निमुळता रचलेला असल्याने वाट जमिनीलगतच सर्वांत अरुंद असते, आणि आरसा सुखरूप निघून गेला तरी तळाच्या चिऱ्याची धार टायरच्या बगलेला लागते. टायरचा तळ जाड रबराचा असतो, बगल मात्र नाजूक. तेथे पडलेली चीर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो. अशा वाटेसाठी टायर कोणता निवडावा हे, आणखी कोणाचे पत्र आडवे न आल्यास, पुढील आठवड्यात पाहू.