माणसाची गोळी, कुत्र्याचं यकृत

जुलैत महाबळेश्वरला झड लागते, धुकं खाली उतरतं आणि रात्री पसरणीचा घाट उतरणं नको वाटतं. अशाच एखाद्या रात्री कुत्रं जेवण सोडून कोपऱ्यात पडून राहतं, अंगाला हात लावला तर गरम लागतं. मग घरातला औषधांचा डबा उघडतो. आपल्याला ६५० ची गोळी, तर याला पाव, असा हिशेब मांडला जातो. तो कुठे चुकतो, हे क्रमाने पाहू.

सुरुवात तापापासून. निरोगी कुत्र्याचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ९८.६ ची सवय असलेल्या आपल्या हाताला ते नेहमीच तापलेलं वाटणार. म्हणून आधी डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून तापमान घ्यावं. आकडा १०३ च्या पुढे गेला तर ताप आहे असं धरावं. नाक कोरडं आहे म्हणजे ताप आहे, असं नसतं.

आता पॅरासिटामॉल. पोटात गेलेल्या औषधाचा बराचसा भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. उरलेल्या थोड्या भागातून विषारी द्रव्य तयार होतं आणि यकृतातलं ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य त्याला आवरतं. मात्रा फार झाली की ग्लुटाथिओन संपतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. इथपर्यंत माणूस आणि कुत्रा सारखेच. पण औषधाचा एक अवशेष निष्प्रभ करणारं विकर आपल्याकडे असतं, कुत्र्याकडे नसतं. तो अवशेष साठून हिमोग्लोबिन बिघडवतो आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

आयब्युप्रोफेनचं गणित आणखी अवघड. दुखण्यावरच्या प्रचलित जोडगोळीत ते ४०० मिलिग्रॅम असतं. दहा किलोच्या कुत्र्याला ती अख्खी दिली, तर किलोमागे ४० मिलिग्रॅम झाले. जठरात व्रण पडायला २५ च्या आसपासही पुरतात. कुत्र्यात हे औषध पित्तावाटे पुन्हा आतड्यात येतं, तिथून परत रक्तात शोषलं जातं आणि शरीरात रेंगाळतं. जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारी द्रव्यं तोवर दबलेली राहतात. डांबरासारखी काळी शी ही आतल्या रक्तस्रावाची खूण. म्हणूनच गोळीचे तुकडे करून कुत्र्याचा डोस निघत नाही. औषध प्रत्येक प्राण्यात वेगळं वागतं, याचा धडा आपल्याला गिधाडांनी दिला आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची मढी खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केलं.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो, तो गोचीडतापाचा. त्यात रक्तातल्या प्लेटलेट घटतात. त्यावर वेदनाशामक दिलं तर रक्तस्राव वाढतो. या तापावर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, तेही माणसांच्या मेडिकलमध्येच मिळतं. फरक एवढाच, की तिथे आधी निदान होतं, मग वजनानुसार मात्रा आणि दिवस ठरतात. ॲलर्जीवरचं सेटिरिझिनही डॉक्टर सांगतात, पण सर्दीच्या गोळीत त्याच्याबरोबर फिनाइलएफ्रिन आणि पॅरासिटामॉल असू शकतं. शुगर-फ्री सिरपमधलं झायलिटॉल कुत्र्याची साखर झपाट्याने खाली आणतं.

मग रात्र काढायची कशी? उलटी होत नसेल तर थोडं थोडं पाणी द्यावं. जखम सलाइनने धुवावी. पोव्हिडोन-आयोडिन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावावं आणि कुत्र्याला ते चाटू देऊ नये. वजन, वय, तापमान आणि हिरड्यांचा रंग लिहून डॉक्टरांना फोन करावा.

गोळी आधीच पोटात गेली असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये, त्याने वेगळीच विषबाधा होते. डॉक्टरांनी काढलेल्या उलटीचा उपयोग पहिल्या एक-दोन तासांतच जास्त होतो. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो जितक्या लवकर मिळेल तितकं यकृत वाचतं, त्यामुळे लक्षणांची वाट पाहत थांबू नये. प्रकृती गंभीर असेल तर वाई आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करावा आणि गोळीची रिकामी पट्टी सोबत घ्यावी, कारण उपचार तिच्यावरच्या मिलिग्रॅमवरून ठरतात.