बाबागाडी, व्हीलचेअर आणि सार्वजनिक स्वच्छतागृह : ब्रिटनमधील एका नागरी प्रश्नाचे विवेचन

प्रस्तावना :

सार्वजनिक स्वच्छतागृह हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने आरोग्य आणि स्वच्छता या दोन अंगांनी अभ्यासला जातो. तथापि या विषयाला स्वातंत्र्याचेही एक अंग आहे. घराबाहेर पडल्यावर नैसर्गिक विधीची सोय होईल याची खात्री ज्या व्यक्तीला नसते, तिचे बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते. अशी व्यक्ती पाणी कमी पिते, प्रवास टाळते आणि हळूहळू सार्वजनिक जीवनातून बाजूला होते.

ब्रिटनमध्ये या संदर्भात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. अपंग व्यक्तींसाठी बांधलेले स्वच्छतागृह बाबागाडीसह आलेल्या आईवडिलांनी वापरावे काय? वरवर पाहता हा शिष्टाचाराचा किरकोळ मुद्दा वाटतो. नातवंडे सांभाळण्यासाठी त्या देशात जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांनाही बाबागाडी ढकलताना तो प्रत्यक्ष भेडसावू शकतो. परंतु दोन खऱ्या गरजा एकाच दारासमोर आल्या असता अग्रहक्क कोणाचा, आणि मुळात त्या एकाच दारासमोर का आल्या, असे दोन मूलभूत प्रश्न त्यात दडलेले आहेत. प्रस्तुत लेखात रचना, कायदा, नीती आणि नियोजन या चार अंगांनी त्यांचे विवेचन करण्यात आले आहे.

१) राखीव कक्षाची रचना व हेतू :

ब्रिटनमध्ये अपंगांच्या सार्वजनिक सोयींना कायद्याचे पाठबळ मिळाले ते १९७० च्या 'क्रॉनिकली सिक अँड डिसेबल्ड पर्सन्स अ‍ॅक्ट' या कायद्याने. खासदार आल्फ मॉरिस यांनी मांडलेल्या या कायद्यात सार्वजनिक इमारतींबरोबरच सार्वजनिक स्वच्छतागृहांतही अपंगांच्या गरजांचा विचार व्हावा, अशी तरतूद होती. पुढे इमारत नियमांच्या 'एम' या भागाने कक्षाची मापे निश्चित केली. इंग्लंडमधील मार्गदर्शिकेनुसार व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठीचा कक्ष किमान १५०० मिलिमीटर रुंद आणि २२०० मिलिमीटर लांब असावा लागतो.

ही जागा ऐसपैसपणासाठी दिलेली नाही. कमोडच्या एका बाजूची मोकळी जागा व्हीलचेअर शेजारी लावून अंग कमोडवर सरकवण्यासाठी असते. भिंतीवरील दांडे हातांवर भार घेण्यासाठी असतात. हात धुण्याचे भांडे कमोडवर बसल्या बसल्या हाताला लागेल इतके जवळ असते. मदतीसाठी ओढायची लाल दोरी जमिनीपर्यंत सोडलेली असते, कारण पडलेल्या माणसाचा हात तेथपर्यंतच पोहोचतो. थोडक्यात, या कक्षातील कोणतीही वस्तू सहज म्हणून ठेवलेली नाही.

नासधूस आणि गैरवापर टाळण्यासाठी पुष्कळ ठिकाणी असे कक्ष कुलूपबंद ठेवले जाऊ लागले. तेव्हा १९८१ मध्ये 'रडार' या संस्थेच्या पुढाकाराने देशभर एकाच किल्लीने उघडणाऱ्या कुलपांची योजना सुरू झाली. आज अशी हजारो स्वच्छतागृहे आहेत. अपंग व्यक्ती स्वतःची किल्ली बाळगते व कोणाची विनवणी न करता दार उघडते.

२) बाबागाडीची अडचण :

दुसऱ्या बाजूची अडचणही तितकीच खरी आहे. ओवेन मॅक्लॅरन या विमान अभियंत्याने छत्रीप्रमाणे मिटणाऱ्या हलक्या बाबागाडीच्या एकस्वासाठी १९६५ मध्ये अर्ज केला. त्यापूर्वीच्या अवजड बाबागाड्या बस वा दुकानात नेणे कठीण होते. मिटणाऱ्या गाडीमुळे लहान मुलांची आई शहरात मोकळेपणाने फिरू लागली. शहरातील स्वच्छतागृहे मात्र तिच्या वेगाने बदलली नाहीत. साधारण शौचकक्षाची रुंदी ८०० ते ८५० मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात बाबागाडी नेली तर दार लागत नाही. झोपलेले मूल उचलून घ्यावे, तर एका हाताने कपडे सावरणे अवघड. मूल गाडीत ठेवून दाराबाहेर सोडावे, तर ते कोणत्याही आईला मान्य होणार नाही. जुळी मुले असतील तर हा विचारच खुंटतो.

वडिलांची अडचण याहून वेगळी आहे. बाळाचे लंगोट बदलण्याची फळी अनेक इमारतींत केवळ स्त्रियांच्या स्वच्छतागृहात बसवलेली असते. परिणामी मुलाला घेऊन निघालेल्या पुरुषापुढे स्त्री-पुरुष भेद नसलेला एकच कक्ष उरतो, तो म्हणजे अपंगांसाठीचा. काही व्यवस्थापने तर जागा आणि खर्च वाचवण्यासाठी ही फळी जाणूनबुजून त्याच कक्षात बसवतात व दारावर व्हीलचेअर आणि बाळ अशी दोन्ही चिन्हे लावतात. अशा दारातून आत जाणाऱ्या आईला दोष देणे अन्यायाचे होईल. तिला तेथे इमारतीनेच पाठवलेले असते.

३) कायद्याची भूमिका :

अपंग नसलेल्या व्यक्तीने हा कक्ष वापरणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. वाहनतळाशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. अपंगांना मिळणाऱ्या निळ्या बिल्ल्याचा गैरवापर केल्यास दंड होतो. स्वच्छतागृहाच्या दारावरील चिन्हामागे तशी शिक्षेची तरतूद नाही.

२०१० च्या समता कायद्याने सेवा पुरवणाऱ्यांवर अपंगांसाठी वाजवी फेरबदल करण्याचे कर्तव्य टाकले आहे. हे कर्तव्य आगाऊ स्वरूपाचे आहे, म्हणजे अपंग ग्राहक दाराशी येण्याची वाट न पाहता सोय तयार ठेवावी लागते. त्याच कायद्यात गर्भारपण व मातृत्व यांनाही संरक्षण आहे. परंतु सेवांच्या बाबतीत ते प्रसूतीनंतर २६ आठवड्यांपुरते असून स्तनपानाचा त्यात समावेश होतो. बाबागाडी घेऊन येणारी प्रत्येक व्यक्ती त्यात मोडत नाही. वडील किंवा दोन वर्षांच्या मुलाची आई या तरतुदीच्या बाहेर राहतात.

या दोन गरजांच्या संघर्षावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल स्वच्छतागृहाचा नसून बसचा आहे, तरी तो येथे मार्गदर्शक ठरतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये डग पॉली हे व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ वेदर्बीहून लीड्सला जाण्यासाठी बसथांब्यावर आले. बसमधील व्हीलचेअरच्या जागेत एका महिलेची बाबागाडी होती व तीत मूल झोपलेले होते. चालकाने विनंती केली. गाडी मिटत नाही असे सांगून महिलेने नकार दिला. पॉली यांना पुढच्या बससाठी थांबावे लागले. 'फर्स्ट ग्रुप विरुद्ध पॉली' या खटल्याचा निकाल १८ जानेवारी २०१७ रोजी लागला. केवळ विनंती करून थांबणे पुरेसे नाही, नकार अवाजवी वाटल्यास चालकाने आणखी आग्रह धरावा, प्रसंगी काही मिनिटे बस थांबवून ठेवावी, असे न्यायालयाने म्हटले. मात्र प्रवाशाला सक्तीने उतरवण्याचे बंधन त्याने घातले नाही व नुकसानभरपाईही मंजूर केली नाही. अग्रहक्क व्हीलचेअरचा, पण त्याची अंमलबजावणी मुख्यतः समजूतदारपणाने, असा या निकालाचा मथितार्थ सांगता येईल.

४) दोन गरजांची तुलना :

कायदा जेथे थांबतो तेथून नीतीचा विचार सुरू होतो. दोन्ही गरजा खऱ्या असल्या तरी त्या समान आहेत काय, हे ठरवण्यासाठी तीन कसोट्या लावता येतील.

अ) पर्याय : बाबागाडीसह आलेल्या आईला अडचणीचा का होईना, दुसरा मार्ग काही वेळा असतो. सोबतची व्यक्ती मुलाजवळ थांबू शकते, गाडी मिटवता येते किंवा जवळच्या दुकानात बाळांची स्वतंत्र खोली असू शकते. व्हीलचेअर वापरणाऱ्याला बहुधा संपूर्ण इमारतीत एकच दार असते.

आ) थांबण्याची क्षमता : पाठीच्या कण्याची दुखापत, मल्टिपल स्क्लेरोसिस अथवा आतड्याचे विकार असलेल्या अनेकांना विधी रोखून धरता येत नाही. बाळाचे लंगोट बदलण्यास लागणारी दहा मिनिटे त्यांच्या दृष्टीने भर रस्त्यात कपडे खराब होण्याची दहा मिनिटे ठरू शकतात. येथे प्रश्न गैरसोयीचा नाही, लाजेचा आणि आत्मसन्मानाचा आहे. अशा प्रसंगाच्या केवळ भीतीने माणसे घरी बसतात.

इ) कक्षाची अवस्था : वापर संपल्यानंतरही त्याचा परिणाम मागे राहतो. फळी खाली उघडी राहिली, लंगोटांची बादली कमोडशेजारच्या मोकळ्या जागेत सरकवली गेली किंवा मुलाने ओढू नये म्हणून लाल दोरी वर बांधली गेली, तर पुढे येणाऱ्या व्यक्तीला तो कक्ष निरुपयोगी, क्वचित धोकादायकही ठरतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो. कक्ष रिकामा असताना तो वापरल्याने कोणाचे काय बिघडते? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु आत गेलेल्या व्यक्तीला बाहेर कोण आले हे दिसत नाही, आणि आलेल्याला थांबणे शक्य आहे की नाही हेही कळत नाही. म्हणून 'रिकामा आहे' एवढे कारण पुरेसे मानता येत नाही. 'दुसरी जागा नाही' हे कारण मानता येते.

दुसऱ्या बाजूनेही एक दक्षता आवश्यक आहे. प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही. पोटावर मलविसर्जनाची पिशवी असलेली तरुण आई बाबागाडी ढकलत येऊ शकते आणि त्या कक्षावर तिचा पूर्ण अधिकार असतो. दाराशी उभे राहून इतरांची झडती घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. नियम स्वतःला लावायचा आहे, दुसऱ्याला नव्हे.

५) प्रश्नाचे मूळ : नियोजन :

येथपर्यंतचे विवेचन दोन गरजूंमध्ये निवाडा करणारे होते. परंतु हा निवाडा करण्याची वेळच का यावी, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सेल्विन गोल्डस्मिथ (१९३२-२०११) यांच्या कार्यात सापडते. वास्तुविद्येचे शिक्षण संपवतानाच १९५६ मध्ये त्यांना पोलिओ झाला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'डिझायनिंग फॉर द डिसेबल्ड' हा ग्रंथ या क्षेत्रातील पायाभूत ग्रंथ मानला जातो. नॉर्विच शहरात अपंगांच्या गरजांचा अभ्यास करताना त्यांनी पदपथाच्या कडा उतरत्या करण्याचा प्रयोग केला. त्याचा लाभ बाबागाडी ढकलणाऱ्या मातांनाही झाला.

पुढे गोल्डस्मिथ यांनी असे प्रतिपादन केले की, अपंगत्व केवळ शरीरात नसते, ते इमारतीतही असते. अरुंद शौचकक्षासमोर बाबागाडी घेऊन उभी असलेली धडधाकट स्त्री त्या क्षणी इमारतीने अपंग केलेली असते. तेव्हा अपंगांसाठी एक विशेष खोली वाढवून बाकीचे कक्ष तसेच अरुंद ठेवण्यापेक्षा सर्वांसाठीचे सामान्य कक्षच मोठे करावेत. तसे झाले तर राखीव कक्षावरचा भार आपोआप हलका होईल.

विशेष म्हणजे इंग्लंडच्या मार्गदर्शिकेत या विचाराचा अंश उतरलेला आहे. स्त्रिया अथवा पुरुषांच्या स्वच्छतागृहात चार किंवा अधिक शौचकक्ष असतील, तर त्यांपैकी किमान एक १२०० मिलिमीटर रुंद असावा आणि त्यात घडीच्या फळीसाठी जागा असावी, असे ती सांगते. मोठ्या इमारतींत बाळांसाठी स्वतंत्र सोय इष्ट असल्याचेही तीत नमूद आहे. तथापि जुन्या इमारती मोठ्या प्रमाणात तशाच आहेत. शिवाय सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधणे हे इंग्लंडमधील स्थानिक संस्थांचे बंधनकारक कर्तव्य नाही. वेल्समध्ये २०१७ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक संस्थांना स्वच्छतागृहविषयक धोरण तयार करणे भाग पाडले, एवढाच फरक. टंचाई असली की गरजू आपसांत भांडतात आणि ज्याने टंचाई निर्माण केली तो बाजूला राहतो.

पुरेसा आग्रह धरल्यास नियम बदलतात, याचेही उदाहरण आहे. उचलण्याचे यंत्र व प्रौढांसाठीची फळी असलेल्या 'चेंजिंग प्लेसेस' या मोठ्या कक्षांसाठी २००६ पासून मोहीम चालली. २०२१ पासून इंग्लंडमधील विशिष्ट आकाराच्या नव्या सार्वजनिक इमारतींत ते आवश्यक झाले.

६) महाराष्ट्राच्या दृष्टीने :

आपल्याकडे बाबागाडीचा वापर मर्यादित असला, तरी प्रश्नाचे मूळ परके नाही. राज्यातील एस. टी. स्थानकांवरील हिरकणी कक्ष हे मातेच्या गरजेला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र जागा देण्याचे उदाहरण होय. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचे नाव त्यास देणे समर्पकच आहे. मात्र वडिलांची गरज त्यात सामावत नाही. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अंतर्गत सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात असू नयेत, बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केले. मापे ठरवतानाच दोन्ही गरजा वेगळ्या ओळखल्या, तर ब्रिटनमधील संघर्ष आपल्याकडे टाळता येईल.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहावर पहिला अधिकार अपंग व्यक्तींचाच आहे.

२. बाबागाडीसह आलेल्या पालकांनी दुसरी सोय उपलब्ध असल्यास तीच वापरावी. ती नसल्यास राखीव कक्ष वापरण्यास हरकत नसावी. परंतु बाहेर कोणी थांबलेले असल्यास त्यास आधी जाऊ द्यावे, काम लवकर आटोपावे आणि फळी, बादली व लाल दोरी पूर्ववत ठेवावी.

३. बाळांची फळी अपंगांच्या कक्षात बसवून दोन्ही जबाबदाऱ्यांतून मोकळे होणारे व्यवस्थापन हेच या संघर्षाचे खरे कारण आहे. आई आणि व्हीलचेअरवरील व्यक्ती यांची तक्रार एकमेकांविरुद्ध नसून त्या व्यवस्थापनाविरुद्ध असावयास हवी, आणि दोघांनी ती एकत्रितपणे मांडल्यास तिला अधिक बळ येईल.