नकाशा कोणासाठी?

हैदराबादेत हिमायतनगरहून कोठीकडे गेले, की सुलतान बाजाराच्या गजबजाटापलीकडे कॉरिंथियन खांबांची ब्रिटिश रेसिडेन्सी उभी दिसते. 1803 च्या सुमारास मद्रास इंजिनिअर्समधल्या लेफ्टनंट सॅम्युएल रसेलने ती निजामाच्या दरबारातला ब्रिटिश प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्कपॅट्रिक याच्यासाठी बांधायला घेतली. तिच्या जागेची एक कथा सांगतात. कर्कपॅट्रिकने जागेचा भलामोठा नकाशा पुढे ठेवताच निजाम अली खानाने नकार दिला. मग निजामाच्या दरबारातल्या मीर आलमच्या सल्ल्याने तीच जागा चिमुकल्या कागदावर काढून दाखवली, तेव्हा होकार मिळाला. हे ऐकून निजामाच्या भोळेपणाला हसतात, ते मला पटत नाही. 1800 च्या तहात बेल्लारी-कडप्प्याचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला द्यावा लागलेल्या राजाला इंग्रजाच्या हातातला मोठा नकाशा म्हणजे नवा दावाच वाटणार. कथा ऐकीव असेल; पण आराखड्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या अनुभवावर ठरतो, हे तिच्यातले मर्म खरे आहे.

त्या काळच्या ब्रिटनमधले वास्तुचित्रकार हे जाणून होते. तळाचा आराखडा, दर्शनी बाजू आणि छेद (इमारत उभी कापल्यासारखे दाखवणारे चित्र) ही गवंडी-सुतारांची चित्रे. त्यांवरून मापे घेता येत. घरमालकासाठी वेगळे यथादर्शन काढत, त्यात दूरच्या रेषा जवळ येत आणि जलरंगाचे पातळ थर उजेड दाखवत. चित्रकार जोसेफ गँडीने 1830 मध्ये वास्तुविशारद जॉन सोनच्या बँक ऑफ इंग्लंडचे असेच चित्र रंगवले. छत उघडे पडलेली ती इमारत भग्नावशेषासारखी दिसते, आणि आतल्या दालनांची रचनाही त्यातून कळते. छायाप्रकाश म्हणजे गिऱ्हाइकाला भुलवण्याची रंगरंगोटी, असा आक्षेप कोणी घेईल. यथादर्शनाबाबत तो काही अंशी खराही आहे. पण दर्शनी बाजूच्या चित्रात ऊन 45 अंशांतून येते असे धरून सावली टाकत, त्यामुळे सपाट भिंतीवर पडलेल्या सावलीची रुंदी खांबाचा किंवा कंगणीचा पुढावा सांगते. तिथे सावली हे मापच असते.

रेसिडेन्सीच्या जनानी बागेत त्याच इमारतीची छोटी प्रतिकृती आहे. कर्कपॅट्रिकची पडद्यातली पत्नी खैरुन्निसा बेगम हिला दर्शनी भाग पाहता यावा म्हणून ती केली, असे म्हणतात. काहींच्या मते ती बांधकामापूर्वीचा नमुना असावी. दोन्ही खुलाशांत प्रश्न एकच, पाहणारा कोण? आज हैदराबादेत फ्लॅट घेणाऱ्यानेही तो स्वतःला विचारावा. जाहिरातीतले रंगीत चित्र खुशाल पाहावे. पण सही करण्यापूर्वी मापाचा आराखडा आणि छेद मागून घ्यावा, आणि त्यावरचे प्रमाण स्वतः वाचावे.