एप्रिल १९५८ : हंगाम अर्ध्यावर सोडणारे खेळाडू

फॅनन वाचून झाल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे काही नव्हते ते लढले, हे समजले. पण ज्यांचे बरे चालले होते, त्यांचे काय?" उत्तरादाखल मी त्याला एका फुटबॉल हंगामाची हकीकत सांगितली. आपल्या चळवळीच्या लिखाणात खेळाला फारशी जागा मिळत नाही. खेळ म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे जागृतीच्या आड येणारी गोष्ट, असा आपला एक समज आहे. तो काही अंशी खराही आहे. परंतु फ्रान्समधील पहिल्या श्रेणीच्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा १९५७-५८ चा हंगाम या समजाला अपवाद आहे.

हंगामाचा निकाल दोन वाक्यांत सांगता येतो. अठरा क्लबांमध्ये रँस हा क्लब अजिंक्य ठरला आणि नीम दुसरा आला. रँसच्या जुस्त फोंतेन याने २६ सामन्यांत ३४ गोल केले, आणि त्याच उन्हाळ्यात स्वीडनमधील विश्वचषकात फ्रान्ससाठी १३ गोल केले, जो विक्रम आजही मोडलेला नाही. फ्रान्समधील फुटबॉलप्रेमींना हा हंगाम फोंतेनचा म्हणून आठवतो. त्यात काही चूक नाही. मात्र एप्रिलच्या मध्यावर या स्पर्धेतून काही माणसे अचानक नाहीशी झाली, आणि ती का गेली हे गुणतक्त्यावरून कळत नाही.

ती माणसे अल्जेरियन होती. अल्जेरिया ही कागदोपत्री फ्रान्सची वसाहत नव्हती, ती 'फ्रान्सच' होती. या शब्दाचा अर्थ काय, हे १९४७ च्या कायद्याने ठरवून दिले होते. अल्जेरियाच्या विधिमंडळात १२० जागा होत्या. त्यांतल्या ६० जागा मुख्यतः सुमारे दहा लाख युरोपियनांच्या मतदारसंघाला आणि ६० जागा ऐंशी लाखांहून अधिक मुसलमानांच्या मतदारसंघाला. स्वतंत्र मतदारसंघ हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. बाबासाहेबांनी तो मागितला होता तो बहुसंख्यांच्या दडपणाखालून अल्पसंख्य शोषितांचा आवाज सुटावा म्हणून. येथे तीच यंत्रणा मूठभर सत्ताधाऱ्यांनी बहुसंख्यांचे मत एक-अष्टमांश करण्यासाठी वापरली. यंत्रणेला स्वतःची नीती नसते, ती कोणाच्या हातात आहे हे आधी पाहावे लागते. त्यातही निवडणुकांत उघड लबाडी होत असे. १ नोव्हेंबर १९५४ रोजी युद्ध सुरू झाले. १९५७ मध्ये अल्जीअर्स शहरात फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी घराघरांतून माणसे उचलली आणि छळाला कामाची रीत बनवले.

याच वर्षांत फ्रेंच क्लबांतून डझनावारी अल्जेरियन खेळाडू खेळत होते आणि दर रविवारी टाळ्या घेत होते. रशीद मेखलूफी हा सेतीफ गावचा. ८ मे १९४५ रोजी, युरोपात युद्धविजयाचा आनंद साजरा होत असताना, सेतीफमध्ये स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढच्या आठवड्यांत त्या परिसरात हजारो माणसे मारली गेली. मेखलूफी तेव्हा आठ वर्षांचा होता. अठराव्या वर्षी तो सेंत-एतिएन या कोळसाखाणींच्या शहरातील क्लबात आला. १९५७ साली या क्लबाने पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवले, त्यात त्याचा वाटा मोठा होता. फ्रान्सच्या सैनिकी संघातून तो जगज्जेता झाला. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला. मोनॅकोचा मुस्तफा झितूनी हा त्या काळातील अव्वल बचावपटूंपैकी एक होता, आणि १९५८ च्या विश्वचषकासाठी फ्रान्सने ज्यांच्यावर भिस्त ठेवली होती त्यांत या दोघांची नावे होती.

अशा माणसाला 'तू त्यांच्यातला नाहीस' असे सांगितले जाते. हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कार्यालयात, प्राध्यापकांच्या खोलीत, भाड्याचे घर शोधताना ऐकले आहे. ते कौतुक म्हणून बोलले जाते. ऐकणाऱ्याने ते स्वीकारले की त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांचा अपमान त्याने मान्य केला, असा त्याचा हिशेब असतो. अल्जेरियन खेळाडूंपुढे हाच हिशेब होता. अल्जेरियातील राष्ट्रीय मुक्ती आघाडीला फ्रान्समधील अल्जेरियन मजूर पगारातून वर्गणी देत, तशी अनेक खेळाडूही देत. पण वर्गणी देऊन सुटता येते का, हा प्रश्न होताच. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती या हकीकतीच्या दोनच वर्षे आधीची आहे. मला तरी हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

मोहम्मद बूमेझराग या माजी खेळाडूने गुप्तपणे एकेकाला गाठायला सुरुवात केली. कल्पना सरळ होती. विश्वचषकाला दोन महिने उरले असताना खेळाडूंनी एकाच वेळी फ्रान्स सोडायचे आणि ट्युनिसला जाऊन अल्जेरियाचा संघ म्हणून उभे राहायचे. देश अजून अस्तित्वात नाही, पण संघ आहे, हे जगाला दाखवायचे. ज्यांना विचारले त्यांत मोनॅकोचे झितूनी, बेन तिफूर, बेखलूफी आणि गोलरक्षक बूबकर होते; तुलूझचे ब्राहिमी आणि बुशूक, अँजेचा रुआई, लिआँचा केरमाली होता. बेन तिफूर १९५४ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या बाजूने खेळलेला होता.

रविवार १३ एप्रिल १९५८. सेंत-एतिएनचा सामना बेझिए या क्लबाशी होता. त्यात मेखलूफीच्या डोक्याला मार लागला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. केरमाली आणि जुना खेळाडू मोख्तार अरिबी त्याला न्यायला आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला तेथूनच उचलले आणि मोटारीने स्वित्झर्लंडची हद्द गाठली. मेखलूफी त्या वेळी सैन्यातील सक्तीची सेवा करीत होता, म्हणजे कायद्याने तो पळालेला सैनिक ठरत होता. इतर काहीजण इटलीच्या वाटेने गेले. सगळ्यांना ते साधले नाही. मोनॅकोचा हसन शाब्री सरहद्दीवर पकडला गेला. रँसचा मोहम्मद माऊश यालाही अटक झाली. अजिंक्य ठरलेल्या रँसच्या विजयगाथेत माऊशची ही हकीकत सहसा येत नाही.

या माणसांनी नेमके काय सोडले, हे समजण्यासाठी त्या काळचा खेळाडूंचा करार पाहिला पाहिजे. फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळाडू एकदा क्लबाशी बांधला गेला की वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत बांधलेला राही. क्लब त्याला विकू शके, अडवून ठेवू शके. जायचे की नाही, हे तो ठरवू शकत नसे. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. ती गोऱ्या फ्रेंच खेळाडूलाही होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खाणमजुराचा मुलगा आणि स्वतः खाणीत बोट गमावलेला रेमों कोपा याने १९६३ साली 'खेळाडू गुलाम आहेत' असे जाहीर म्हटले, तेव्हा फुटबॉल महासंघाने त्याला शिक्षा केली. (चांगला पैसा मिळवणाऱ्याने गुलाम हा शब्द वापरावा का, याबद्दल मला शंका आहे. पण मालकीचे तत्त्व त्याने बरोबर ओळखले होते.) त्याआधी १९६१ साली खेळाडूंची संघटना निघाली. तिच्या संस्थापकांत फोंतेनबरोबर उझेन न्जो-लेआ हा कामेरूनचा काळा खेळाडू होता. तो सेंत-एतिएनमध्ये मेखलूफीच्या खांद्याला खांदा लावून खेळलेला आणि कायद्याचा अभ्यास केलेला. मुदतीचा करार मिळायला १९६९ उजाडावे लागले. म्हणजे एप्रिल १९५८ मध्ये निघून गेलेल्यांनी एकाच पावलात दोन मालक सोडले होते.

जे गेले नाहीत त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण अशा प्रसंगी आपण फार लवकर न्यायाधीश होतो. त्या हंगामात दुसऱ्या आलेल्या नीम संघाचा प्रशिक्षक कादेर फिरूद हा अल्जेरियातच जन्मलेला होता. तो फ्रान्ससाठी खेळलेला होता, तो तेथेच राहिला, आणि त्याच्या हाताखाली नीम लागोपाठ तीन वर्षे दुसरा आला. त्याला गद्दार म्हणणे सोपे आहे. परंतु एखाद्या माणसाचे घर, मुलेबाळे आणि काम जेथे रुजले आहे तेथून न निघणे हा प्रत्येक वेळी द्रोह नसतो. न निघणाऱ्याने निघणाऱ्यांचा मार्ग अडवला का, हा कसोटीचा प्रश्न आहे. मला त्याने तसे केल्याचे कुठे आढळले नाही.

फ्रान्समध्ये बातमी पहिल्या पानावर आली. क्लबांनी करार रद्द केले. हंगाम थांबला नाही. रँसने मे महिन्यात नीमला ३-१ असे हरवून फ्रेंच चषकही जिंकला. १३ मे रोजी अल्जीअर्समध्ये युरोपियन वसाहतवाल्यांनी आणि सेनाधिकाऱ्यांनी उठाव केला, त्यातून द गॉल सत्तेवर आले आणि फ्रान्सचे चौथे प्रजासत्ताक कोसळले. विश्वचषकात फ्रान्स तिसरा आला. झितूनी आणि मेखलूफी असते तर काय झाले असते, यावर तेथे अजून चर्चा रंगते.

फिफाने ट्युनिसच्या संघाला मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्या देशांना कारवाईची ताकीद दिली. तरी संघ खेळत राहिला. पुढच्या चार वर्षांत त्याने अरब देश, पूर्व युरोप, चीन आणि उत्तर व्हिएतनाम पालथे घातले. हनोईत हो चि मिन्ह यांनी त्यांची भेट घेतली. युगोस्लाव्हियासारख्या बलाढ्य संघाला त्यांनी ६-१ असे हरवले. एकूण तीसेक खेळाडू या संघात येऊन गेले. अनेक ठिकाणी सामन्यापूर्वी अल्जेरियाचा ध्वज लावायचा की नाही यावरून यजमान कचरत, कारण त्यांना फ्रान्सला दुखवायचे नसे. ध्वज आणि राष्ट्रगीताशिवाय खेळायचे नाही, हा संघाचा आग्रह होता. मला सामन्यांच्या निकालांपेक्षा ही बाब मोठी वाटते. ते खेळायला आले आहेत हे सर्वांना मान्य होते, ते कोण म्हणून आले आहेत हेच अडचणीचे होते.

१९६२ साली अल्जेरिया स्वतंत्र झाला. झितूनी मोनॅकोला परतला नाही. मेखलूफी मात्र काही काळ जिनिव्हात खेळून सेंत-एतिएनला परत गेला, ज्या शहरातून तो पळालेला सैनिक म्हणून निघाला होता तेथेच. युद्धात मुले गमावलेली कुटुंबे त्या शहरात होती. प्रेक्षक त्याला कसे घेतील, हे कोणी सांगू शकत नव्हते. त्यांनी त्याला घेतले. त्याच्यासह क्लब दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि १९६४, १९६७, १९६८ साली अजिंक्य झाला. १२ मे १९६८ रोजी, पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांचे अडथळे उभे असताना, बोर्दोविरुद्धच्या चषकाच्या अंतिम सामन्यात सेंत-एतिएन २-१ असा जिंकला. दोन्ही गोल मेखलूफीचे होते आणि चषक द्यायला द गॉल उभे होते. सात वर्षांनी अल्जीअर्समध्ये भूमध्य सागरी क्रीडास्पर्धा भरल्या. तेथे फुटबॉलच्या अंतिम सामन्यात अल्जेरियाने फ्रान्सला ३-२ असे हरवले, तेव्हा अल्जेरियाचा प्रशिक्षक मेखलूफी होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वारला.