यंत्राचा ताप : ग्राफिक्स कार्डाचें तापमान किती असावें?

घरांत कोणास ताप आला म्हणजे आपण तापमापक लावतों. आंकडा ३७ अंशांच्या वर दोन अंश चढला कीं सर्व मंडळी काळजींत पडतात. ही संवय आपल्या अंगीं इतकी भिनलेली असते कीं, यंत्रांसही आपण तोच न्याय लावूं पाहतों. गेल्या वर्षीं आमच्या हातून अशीच एक चूक घडली, व तिचें फळ आम्हांस नव्हे, तर एका विद्यार्थ्यास भोगावें लागलें.

दहाव्या इयत्तेंतील हा विद्यार्थी विज्ञानप्रदर्शनासाठीं शाळेच्या संगणकावर सूर्यमालेचें चलच्चित्र तयार करीत होता. एके दिवशीं तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, ग्राफिक्स कार्डाचें तापमान ८४ अंश दाखवीत आहे, काम चालूं ठेवूं का?" आम्हांस त्या विषयाचें ज्ञान नव्हतें, परंतु "ठाऊक नाहीं" हे दोन शब्द उच्चारणें शिक्षकास फार जड जातें. "८४ अंशांवर हात भाजतो, मग यंत्र कसें वांचेल? बंद कर," असें आम्हीं ठामपणें सांगून टाकलें. मुलगा आज्ञाधारक, त्यानें यंत्र बंद केलें व आठवडाभर त्यास हात लावला नाहीं. प्रदर्शनाचा दिवस उजाडला तेव्हां त्याच्या चित्रांतील गुरु फिरत होता, पण शनि व त्यापलीकडील ग्रह जागच्या जागींच उभे होते. मागाहून आम्हीं या विषयाची माहिती मिळविली. ती येथें देणें हें आम्ही आमच्यावरील एक ऋण समजतों.

प्रथम उष्णता येते कोठून तें पाहूं. संगणकाच्या साधारण पडद्यावर २० लाखांहून अधिक ठिपके असतात, व हलतें चित्र दाखवावयाचें तर ते सर्व ठिपके एका सेकंदांत ६० वेळां नव्यानें रंगवावे लागतात. हें गणिताचें काम ज्या स्वतंत्र चिपेवर सोंपविलेलें असतें तिला जीपीयू म्हणतात. एनव्हीडिया कंपनीनें १९९९ सालीं 'जीफोर्स २५६' हें कार्ड विक्रीस आणिलें, तेव्हांपासून हें नांव सर्वतोमुखीं झालें. चिपेंतील कोट्यवधि सूक्ष्म ट्रान्झिस्टर क्षणोक्षणीं चालूबंद होत असतात, आणि त्यांस पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. २०२२ सालच्या 'आरटीएक्स ४०९०' या कार्डास ४५० वॅट वीज लागते. कपड्यांची साधी इस्त्री ७५० ते १००० वॅटांची असते. पण तिची उष्णता तळहाताहून मोठ्या पत्र्यावर पसरते. या कार्डाची चिप मात्र सुमारें ६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी, आणि कार्डाच्या उष्णतेचा मोठा भाग तेवढ्याशा जागेंत उत्पन्न होतो. तेव्हां चिप तापते याचें आश्चर्य नाहीं. ती जळत नाहीं याचेंच आश्चर्य मानावें!

ती जळत नाहीं याचें कारण असें. चिपेवर थर्मल पेस्ट नांवाचा एक मऊ लेप असतो. तो चिप व तिच्यावरील धातूची बैठक यांमधील बारीक फटी बुजवितो. कारण फटींतील हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. बैठकीपासून तांब्याच्या बंद नळ्या निघतात. त्यांत थोडासा द्रव असतो. तो तप्त टोंकापाशीं वाफ होऊन थंड टोंकाकडे जातो, तेथें पुन्हां द्रव होऊन उष्णता सोडतो व नळीच्या आंतील सच्छिद्र अस्तरांतून मागें परततो. नळ्यांची उष्णता अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांत पसरते, आणि पंखे ती हवेंत उडवून देतात. लेप, नळ्या, पातीं, पंखे व हवा अशी ही सांखळी आहे. तींतील एक कडी निकामी झाली तरी तापमान वाढतें.

आतां मुख्य प्रश्न : किती तापमान योग्य? संगणक नुसता चालूं असून विशेष काम नसेल तेव्हां ३० ते ५० अंश सेल्सिअस हें स्वाभाविक होय. हलक्या कामांत पुष्कळ नवीं कार्डें आपले पंखे मुद्दाम थांबवून ठेवितात. अशा वेळीं आंकडा ५० च्या थोडा वर गेला तरी भिण्याचें कारण नाहीं. खेळ, चलच्चित्रें किंवा त्रिमितीय आकृत्या यांचें भारी काम चालूं असतां ६५ ते ८० अंश ही निरोगी स्थिति समजावी. ८० ते ८५ अंशांत धोका नाहीं, पण लक्ष असावें. ८५ च्या वर आंकडा सतत राहूं लागला तर कारण शोधावें. ९० च्या वर गेला तर काम थांबवून शोधावें. मांडीवरील संगणकांत जागा अपुरी असल्यामुळें भारी कामाच्या वेळीं ८५ च्या आसपासचा आंकडा वारंवार दिसतो.

प्रत्येक कार्डाची कमाल मर्यादा त्याचा निर्माताच प्रसिद्ध करितो. एनव्हीडियाच्या २०१० सालच्या 'जीटीएक्स ४८०' ची मर्यादा १०५ अंश, २०१६ सालच्या 'जीटीएक्स १०८०' ची ९४, २०२० सालच्या 'आरटीएक्स ३०८०' ची ९३, व 'आरटीएक्स ४०९०' ची ९० अंश अशी आहे. म्हणून शेजाऱ्याच्या कार्डाचा आंकडा आपल्या कार्डास लावूं नये. आपल्या कार्डाचें नांव पाहून त्याचीच मर्यादा शोधावी.

येथें एक शंका येईल. एएमडी कंपनीनें २०१३ सालीं आपलें 'आर ९ २९० एक्स' हें कार्ड ९५ अंशांवर चालावें अशीच त्याची योजना केली होती. आणि २०१९ सालच्या 'आरएक्स ५७०० एक्सटी' विषयीं तर ११० अंशांपर्यंतचा आंकडाही अपेक्षित असल्याचें सांगितलें. मग वरील नियम खोटा म्हणावा काय? नव्हे. हा ११० चा आंकडा चिपेंतील सर्वांत तप्त बिंदूचा आहे. नव्या चिपांत तापमापक एक नसून अनेक असतात. कडेच्या तापमापकावर ८० दिसत असतां तप्त बिंदूवर ९० किंवा ९५ असणें स्वाभाविक आहे. कार्डावरील स्मृतीच्या चिपांचें तापमान आणखी निराळें. काखेंतला ताप आणि तोंडांतला ताप जसा सारखा भरत नाहीं, तसेंच हें. म्हणून आंकडा वाचण्यापूर्वीं तो कोणत्या जागेचा आहे हें आधीं वाचावें. कडेचा आंकडा व तप्त बिंदूचा आंकडा यांत २५-३० अंशांचें अंतर पडूं लागलें, तर लेप सुकला आहे किंवा बैठक नीट बसलेली नाहीं असा संशय घ्यावा.

कार्ड स्वतःचें रक्षणही करितें. तापमान ठराविक रेषेजवळ येतांच तें आधीं पंख्यांचा वेग वाढवितें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर स्वतःची गति कमी करितें, व चित्र अडखळूं लागतें. अगदीं शेवटीं संगणकच बंद पडतो. म्हणजे ८४ अंशांवर आमचें कार्ड जळून जाण्याची भीति मुळींच नव्हती. निर्मात्यानें त्याची मर्यादा ९३ सांगितलेली होती. आमची भीति अज्ञानाची होती.

तथापि, कार्ड जळत नाहीं म्हणून निष्काळजी राहणेंही बरें नव्हे. यंत्राची झीज दोन प्रकारांनीं होते. एक, सतत उच्च तापमानानें. दुसरी, पुनःपुन्हां तापण्यानें व निवण्यानें. चिप, तिची पट्टी व त्यांस जोडणारे डाखाचे सूक्ष्म ठिपके हे तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहींत. त्यामुळें सांध्यांवर ताण येऊन कालांतरानें त्यांस तडे जातात. २००८ सालीं मांडीवरील संगणकांतील कित्येक चिपा सदोष जोडणीमुळें अशाच निकामी होऊं लागल्या, व एनव्हीडियास त्याच्या भरपाईसाठीं १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. डाखाच्या ठिपक्याएवढें कारण, पण हानि केवढी!

आपल्या प्रांतीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. पंखा कार्डास खोलींतील हवेहून थंड करूं शकत नाहीं; दोहोंमधील अंतर तेवढें तो मर्यादेंत ठेवितो. खोली २२ अंशांवर असतां जें कार्ड ६५ वर चालतें, तेंच खोली ४० वर गेली असतां त्याच कामास ढोबळ मानानें ८३ वर जाईल. विलायतेंतील थंड खोलींत काढलेले आंकडे वैशाखांत नागपूर-चंद्रपुरास जसेच्या तसे मिळणार नाहींत. तेव्हां उन्हाळ्यांत आंकडा दहा-पंधरा अंशांनीं वाढलेला दिसल्यास आधीं खोलीचें तापमान पाहावें, मग कार्डास दोष द्यावा.

आतां आमच्या दुसऱ्या चुकीकडे वळूं. प्रदर्शनानंतर आम्हीं तो संगणक उघडून पाहिला. शाळेचें यंत्र धुळीनें खराब होऊं नये म्हणून आम्हींच त्यास एक सुंदर भरतकाम केलेलें आच्छादन शिववून घेतलें होतें, आणि मुलें काम करतांनाही तें अर्धवट पेटीवरच पडलेलें असे. पेटी भिंतीस चिकटलेली, मागील जाळी बंद, पात्यांमध्यें धुळीचा नमद्यासारखा थर! धुळीपासून रक्षण करावयास आम्हीं जें वस्त्र घातलें, त्यानेंच यंत्राचा श्वास कोंडला होता. आच्छादन काढिलें, धूळ झाडिली, पेटी भिंतीपासून वीतभर पुढें ओढली. तेव्हां तेंच चलच्चित्र चालवीत असतां आंकडा ७१ वर स्थिर झाला. एक पैसाही खर्च झाला नाहीं.

उपाय क्रमानें असे करावे. प्रथम वीज काढून घ्यावी व पेटीच्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् जाऊं द्यावी. मऊ कुंचल्यानें किंवा हवेच्या झोतानें धूळ काढावी. झोत मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं, नाहीं तर पंखा भलत्याच वेगानें फिरून बिघडतो. ओला फडका कधींही लावूं नये. लेप बदलण्याचें काम जाणत्या मनुष्यावर सोंपवावें. चिपेस मिळणारा विजेचा दाब थोडा कमी करणें हाही जाणत्यांचा एक गुणकारी उपाय आहे. कारण विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. दाब १.०५ व्होल्टवरून ०.९५ वर आणिला आणि गति तीच राहिली, तर गणितानें सुमारें १८ टक्के वीज, व तितकीच उष्णता, वांचते. ज्यांस वर्ग करतां येतो त्यांनीं हें स्वतः करून पाहावें.

शेवटचा उपाय म्हणजे निरर्थक काम बंद करणें. २०१० सालीं 'स्टारक्राफ्ट २' हा खेळ निघाला, तेव्हां कित्येकांचीं कार्डें प्रत्यक्ष लढाईंत नव्हे, तर स्तब्ध दिसणाऱ्या निवडीच्या पानांवर तापूं लागलीं. त्या पानांवर चित्रांच्या वेगास मर्यादाच नव्हती. कार्ड तेंच चित्र सेकंदास शेंकडों वेळां काढीत बसे. ब्लिझर्ड कंपनीनें वेगास मर्यादा घालण्याची युक्ति सांगितली व प्रश्न मिटला. पडदा शांत दिसतो म्हणून कार्ड शांत असतेंच असें नाहीं. तापमान पाहण्यास फार खटपटही नको. विंडोज १० च्या २०२० मधील सुधारणेपासून टास्क मॅनेजरमध्येंच स्वतंत्र कार्डाचा आंकडा दिसतो.

असो. तो विद्यार्थी आतां शाळा सोडून पुढें गेला आहे. जाण्यापूर्वीं आम्हीं त्यास बोलावून आमची चूक कबूल केली, व शनीपासून नेपच्यूनपर्यंतचे उरलेले ग्रह त्यानें आमच्यासमोर बसून फिरते केले. आंकडा त्या वेळीं ७२ होता. तें चलच्चित्र हल्लीं खालच्या वर्गांस भूगोल शिकवितांना दाखविलें जातें. तें भरतकामाचें आच्छादन अजून आमच्याच टेबलाच्या खणांत आहे. कोणी एखादा प्रश्न विचारला व उत्तर येत नसलें, म्हणजे आम्ही तो खण उघडून पाहतों, आणि "उद्यां पाहून सांगतों" असें म्हणतों.